असाकुसाचं देऊळ नेमकं किती जुनं?



आज तोकियोत जायचं आहे, पण सगळ्या तोकियोत नाही. एवढ्या मोठ्या शहराला एका तासात हात घालण्यात अर्थ नाही. आपण एकच वस्ती घेऊ, असाकुसा. सुमिदा नदीच्या काठची, जुन्या एदो शहरातल्या कारागीर-दुकानदारांची वस्ती. आणि त्या वस्तीतलं एक देऊळ, सेन्सोजी. तुमच्यापैकी जे जपानला जाऊन आले असतील त्यांच्या फोनमध्ये या देवळाचा फोटो असणारच. लाल दरवाजा, त्यात टांगलेला प्रचंड मोठा लाल कंदील, आणि खाली आपण. माझाही आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा काढला आणि घरच्यांना पाठवताना खाली लिहिलं, 'चौदाशे वर्षांपूर्वीचं देऊळ'.

दुसऱ्या खेपेला त्याच देवळाच्या वाटेवर, नाकामिसे नावाच्या दुकानांच्या रांगेत, एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून तांदळाचे खारे पापड घेतले. माझ्याबरोबर जपानी येणारा एक मित्र होता. त्याच्यामार्फत मी सहज विचारलं, देऊळ किती जुनं हो? ते आजोबा हसले आणि म्हणाले, देवळापेक्षा आमचं दुकान जुनं. मला वाटलं थट्टा करतायत. खोलीवर येऊन वाचायला बसलो, तर आजोबा अगदी बरोबर बोलले होते. आजचं व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचा उलगडा आहे.

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. जपानमध्ये शिंतो परंपरेतल्या देवतांना 'कामी' म्हणतात आणि कामींचं स्थान म्हणजे 'जिनजा'. जिनजाच्या तोंडाशी दोन खांब आणि वर आडव्या तुळया अशी कमान असते, ती 'तोरिई'. बौद्ध मंदिर वेगळं, त्याला 'तेरा' म्हणतात. नावाच्या शेवटी 'जी' आलं की ते बौद्ध, जसं सेन्सोजी. मी आज बौद्ध मंदिराला देऊळ म्हणेन आणि जिनजाला जिनजाच म्हणेन. जिनजात दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. देवळात टाळी वाजवायची नाही, नुसते हात जोडायचे. प्रवासी पुस्तकात हे वाचतो आणि त्याला वाटतं की हे दोन धर्म पहिल्यापासून असे शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या खोल्यांत राहत आलेत. तसं नाही. ती मधली भिंत कधी उभी राहिली, ते आपण बघणार आहोत.

आता देवळाचं वय. या प्रश्नाला चार उत्तरं आहेत, आणि चारही खरी आहेत.

पहिलं उत्तर, इसवी सन ६२८. ही देवळाची स्वतःची कथा. हिनोकुमा हामानारी आणि ताकेनारी नावाचे दोन कोळी भाऊ सुमिदा नदीत जाळं टाकत होते. मासे नाहीत, जाळ्यात एक छोटी मूर्ती आली. परत पाण्यात सोडली तर परत आली. गावच्या मुखियाने ओळखलं, ही कानॉन. त्याने आपल्या राहत्या घराचं देऊळ केलं आणि स्वतः भिक्षू झाला. पुढे ६४५ मध्ये शोकाई नावाच्या भिक्षूने ही मूर्ती कायमची झाकून ठेवली. तेव्हापासून आजतागायत ती कोणाला दाखवत नाहीत. दर वर्षी लाखो माणसं जिच्या दर्शनाला जातात, तिचं दर्शन होत नाही. लोक बंद दाराला हात जोडतात आणि परततात.

कानॉन म्हणजे कोण? तर अवलोकितेश्वर. करुणेचा बोधिसत्त्व. हा आपल्या ओळखीचा आहे. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. आणि छत्रपती संभाजीनगरच्या लेण्यांत सातव्या लेण्याच्या दाराशी जे शिल्प आहे ते आज मुद्दाम लक्षात ठेवा. मधोमध अवलोकितेश्वर उभा आहे आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटींत संकटात सापडलेली माणसं आहेत. फुटलेलं जहाज, पिसाळलेला हत्ती, सिंह, साप, तलवार उगारलेला लुटारू. आणि त्यातलं एक संकट आहे आग. प्रत्येक चौकटीतला माणूस त्याचा धावा करतोय आणि तो धावून येतोय. ही कल्पना मध्य आशिया, चीन, कोरिया असा प्रवास करत जपानला पोचली. तिथे आगीतून वाचवणारी देवता म्हणून कानॉनवर लोकांची श्रद्धा बसली. लाकूड आणि कागदाच्या घरांच्या शहरात ही श्रद्धा किती मोठी असेल, कल्पना करा.

दुसरं उत्तर, १६४९. तोकुगावा घराण्याने एदो ही आपली राजधानी केली आणि सेन्सोजीला आश्रय दिला. तिसरा शोगुन इएमित्सु याने जळालेलं मुख्य मंदिर पुन्हा उभं केलं. ते हे साल. त्याच वेळी त्याने बाजूला आणखी एक वास्तू बांधली. कोणासाठी? त्या दोन कोळी भावांसाठी आणि मुखियासाठी. माणसं होती ती, त्यांचे कामी झाले. तिघांचं स्थान म्हणून लोक त्याला 'सानजा-सामा' म्हणायला लागले. म्हणजे बघा, एकाच आवारात मूर्ती बौद्ध, आणि ती ज्यांना सापडली ते शिंतो कामी. एकच कथा, एकच जत्रा, एकच वस्ती. कोणाला यात काही विचित्र वाटत नव्हतं. शेकडो वर्षं जपानभर हेच चालू होतं.

मग आलं १८६८. शोगुन गेले, सम्राट मेइजी यांच्या नावाने नवं सरकार आलं. या सरकारला देश एका सूत्रात बांधायचा होता आणि ते सूत्र म्हणजे सम्राट आणि कामी. त्यासाठी शिंतो 'शुद्ध' हवा होता. म्हणून त्या वर्षी हुकूम निघाले की बुद्ध आणि कामी वेगळे करा. जिनजातून बौद्ध मूर्ती, घंटा, पोथ्या काढा. हुकूम वेगळं करण्याचा होता, पण अनेक ठिकाणी लोक त्यापुढे गेले. मूर्ती फोडल्या, पोथ्या जाळल्या, देवळं बंद पाडली, भिक्षूंना संसारी केलं. आज आपण नारा-क्योतोमध्ये जी शांतता अनुभवतो, तिच्या पोटात हा काळ आहे.

असाकुसात काय झालं? मोडतोड कमी, कागदपत्रं जास्त. सानजा-सामा हा देवळापासून तोडून स्वतंत्र जिनजा केला गेला. १८७३ मध्ये त्याचं नाव 'असाकुसा जिनजा' झालं. त्याच वर्षी देवळाची जमीन सरकारने सार्वजनिक बाग म्हणून जाहीर केली. पुढे तिचे भाग पाडले, आणि सहाव्या भागात नाटकगृहं, तमाशे, खेळ यांची अशी गर्दी झाली की 'रोक्कु', म्हणजे सहावा भाग, हे करमणुकीचं दुसरं नाव झालं. जपानमधलं पहिलं कायमचं सिनेमागृह, देन्किकान, इथेच १९०३ मध्ये सुरू झालं.

पण मला या विभागणीची सगळ्यात बोलकी खूण वाटते ती देवळाच्या पूर्वेचा दरवाजा. नाव नितेनमोन. सतराव्या शतकातला, आजही उभा. मुळात तो तोकुगावा इएयासुच्या जिनजाचा दरवाजा, त्यामुळे त्यात शिंतो पद्धतीचे दोन रक्षक बसलेले होते. १८६८ नंतर ते चालेनात, कारण दरवाजा आता बौद्ध देवळाचा. रक्षक काढले. त्यांच्या जागी कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान जिनजातले दोन बौद्ध दिक्पाल आणले. ते तिथे का नको होते? कारण तिथे शिंतो शुद्ध करायचा होता! एकीकडून शिंतो रक्षक बाहेर, दुसरीकडून बौद्ध दिक्पाल बाहेर. पुढे ते दिक्पालही युद्धात जळाले. आज तिथे जे दोघे उभे आहेत ते उएनोच्या कानएजी या देवळाकडून, चौथ्या शोगुनच्या समाधीस्थानातून आलेले. दरवाजा तोच, पण दारावरचे पहारेकरी तिसरे. प्रवासी मात्र त्याला 'प्राचीन' म्हणून फोटो काढून जातो.

आता येऊ आगीकडे. इथे जरा सावकाश जाऊ.

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या, आणि मोठा भूकंप झाला. भूकंपापेक्षा त्यानंतरच्या आगींनी जास्त माणसं मारली. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे एक लाख पाच हजार. नदीपलीकडे लष्कराच्या कपड्यांच्या जुन्या डेपोची मोकळी जागा होती. लोक सामानसुमान घेऊन तिथे जमले, आणि आगीच्या वावटळीत त्या एकाच मैदानावर अडतीस हजारांच्या आसपास माणसं गेली. असाकुसात १८९० साली बांधलेला बारा मजली मनोरा, जपानचा पहिला विजेचा पाळणा ज्यात होता तो, वरून तुटला. नाकामिसेची विटांची दुकानं पडली. चारी बाजूंनी वस्ती जळाली.

आणि सेन्सोजी वाचलं. १६४९ चं लाकडी मंदिर वाचलं. आवारात आसरा घेतलेली माणसं वाचली. का वाचली? आवारात गिंको वृक्ष होते. गिंकोच्या पानांत-सालीत पाण्याचा अंश भरपूर, तो चटकन पेट घेत नाही. मागच्या बाजूला भोपळ्याच्या आकाराचं तळं होतं, लोकांनी रांग लावून त्यातलं पाणी बादल्यांनी पुढे दिलं. मोकळी जागा होती. आणि वाराही साथीला आला असणार. ही झाली कारणं. पण वस्तीने त्याची कथा कशी केली? कानॉनने वाचवलं. लेण्याच्या चौकटीतला तो माणूस आठवा. आगीत उभा राहून धावा करणारा. असाकुसाच्या लोकांनी ते शिल्प कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांना आता पुरावा मिळाला होता.

बावीस वर्षं गेली. ९ मार्च १९४५ ची रात्र. मध्यरात्रीनंतर तीनशेच्या आसपास अमेरिकी बी-२९ विमानं तोकियोच्या पूर्व भागावर आली. खाली नेम होता तो लाकडी घरांच्या दाट वस्त्यांवर. आग लावणारे बॉम्ब, आणि त्या रात्री सोसाट्याचा वारा. लोकांनी काय केलं असेल? घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय सांगितलं असेल? चला, कानॉनकडे चला. त्या वेळी वाचलो होतो.

लोक देवळाकडे धावले. या वेळी देऊळ जळालं. २९६ वर्षं उभं असलेलं मंदिर, पाच मजली पॅगोडा, सगळं गेलं. जवळच कोतोतोई पूल आहे. या काठचे लोक पलीकडे पळत होते, त्या काठचे इकडे येत होते. दोन्ही गर्दी पुलावर अडकली आणि आग पुलावरून गेली. हा पूल १९२३ च्या भूकंपानंतर, शहर पुन्हा बांधताना बांधलेला. पहिल्या आपत्तीतून शिकून बांधलेला पूल दुसऱ्या आपत्तीत माणसांचा सापळा झाला. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली.

मला या गोष्टीपाशी थांबावंसं वाटतं. १९२३ ची आठवण खोटी नव्हती. देऊळ खरंच वाचलं होतं. पण ते का वाचलं, हा भाग आठवणीतून गळून गेला आणि 'वाचलं' एवढंच उरलं. झाडं, तळं, बादल्या, वारा हे सगळं गेलं आणि चमत्कार राहिला. आकाशातून आग पाडणाऱ्या विमानांपुढे ती आठवण उपयोगाची नव्हती. मी श्रद्धेला नावं ठेवत नाहीये. त्या रात्री दुसरीकडे तरी जायला जागा कुठे होती? हवाई हल्ल्यात पळून न जाता आग विझवायची, असा सरकारचाच आदेश होता. मला एवढंच म्हणायचं आहे की इतिहास अर्धा लक्षात ठेवला तर तो कधीकधी माणसाला चुकीच्या दारात नेऊन उभा करतो.

आता तिसरं उत्तर, १९५८. युद्ध संपलं, शहराची राख झालेली, पण असाकुसाच्या लोकांना देऊळ हवं होतं. पैसे देशभरातून आले. पण ते पुरेनात. मग १९५१ मध्ये, मघाशी ज्या तळ्याचं पाणी बादल्यांनी नेलं म्हणालो, ते तळं बुजवून जमीन विकली गेली, मंदिराच्या बांधकामासाठी. ज्या तळ्याने एकदा देऊळ वाचवलं होतं, ते तळं देऊन देऊळ परत मिळवलं. मंदिर १९५८ मध्ये पूर्ण झालं, आणि ते लाकडाचं नाही. आकार जुनाच, पण सिमेंट काँक्रीटचं. छपरावरची कौलं तर आता टायटॅनियमची आहेत, वजन कमी व्हावं आणि भूकंपात घसरू नयेत म्हणून.

तो लाल कंदिलाचा दरवाजा, कामिनारीमोन? तो १८६५ च्या आगीत जळाला आणि पुढची पंच्याण्णव वर्षं तिथे दरवाजाच नव्हता. आजचा १९६० चा. उद्योगपती कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून उभा राहिला. 'पॅनासॉनिक' आपल्याला माहीत आहे, ती कंपनी यांनीच सुरू केली. पुढचा होझोमोन दरवाजा १९६४ चा, पॅगोडा १९७३ चा. आणि नाकामिसेची दुकानं? भूकंपानंतर १९२५ मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेली. युद्धात आतून जळाली, पण भिंती उभ्या राहिल्या. म्हणजे आजोबांचं दुकान १९२५ चं आणि देऊळ १९५८ चं. हिशेब जुळला.

राहिलं चौथं उत्तर. मंदिराकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताला एक तोरिई दिसते. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. आत असाकुसा जिनजा. १६४९ ची इएमित्सुने बांधलेली ती वास्तू भूकंपातही टिकली आणि १९४५ मध्येही टिकली. दोन कोळ्यांचं आणि मुखियाचं स्थान. म्हणजे ज्याला आपण जुनं समजून रांग लावतो ते नवं, आणि खरं जुनं शेजारी एकटं उभं आहे.

पण मग नवं मंदिर म्हणजे खोटं का? मला तसं वाटत नाही. मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी तिथे सानजा मात्सुरी असते. कामींच्या पालख्या निघतात, त्यांना मिकोशी म्हणतात. चव्वेचाळीस मोहल्ल्यांच्या मिळून शंभरएक मिकोशी रस्त्यावर येतात. पालख्यांना वाट मिळावी म्हणून कामिनारीमोनचा जवळजवळ चार मीटर उंच, सातशे किलोचा कंदील खालून घडी घालून वर उचलतात. आणि जिनजाच्या त्या मिकोशी जातात कुठे? बौद्ध देवळाच्या आवारात. १८६८ च्या हुकमाने जे तोडलं, ते वर्षातले हे दिवस खांद्यावर घेऊन लोक पुन्हा जोडतात. मुख्य मिकोशीही १९४५ मध्ये जळाल्या होत्या. आजच्या नव्या आहेत. खांदे मात्र पिढ्यान् पिढ्या त्याच वस्तीचे.

असंच एक ठिकाण देवळापासून दहा मिनिटांवर आहे, मात्सुचियामा शोदेन. तिथे पूजा होते कांगितेनची, म्हणजे आपल्या गणपतीची. तो बौद्ध तंत्रमार्गातून चीनमार्गे तिथे गेला. नैवेद्य मोदकाचा नाही, अख्ख्या पांढऱ्या मुळ्याचा. इथेही मूर्ती झाकलेली. मी मुळा विकत घेतला, ठेवला, आणि समोर कोण आहे हे माहीत असूनही काही क्षण परक्यासारखा उभा राहिलो. ओळखीचा देव दुसऱ्याच्या घरी दुसऱ्या पद्धतीने रमलेला बघणं, हा अनुभव सांगून कळण्यासारखा नाही.

शेवटी एक सुचवतो. तुम्ही असाकुसाला जाल तेव्हा कंदिलाखाली फोटो जरूर काढा. चिठ्ठीचा कौलही लावा. मात्र तिथे जुनं प्रमाण पाळतात, शंभरातल्या तीस चिठ्ठ्या अशुभ. वाईट निघाली तर तिथल्या दांडीला बांधून पुढे चला. मग उजवीकडच्या जिनजात जा, दोनदा टाळी वाजवा. आणि आवारातला जुना गिंको शोधा. खोडावर भाजल्याच्या खुणा आहेत, आणि वर पालवी आहे. तिथे पाच मिनिटं थांबा.

देऊळ किती जुनं, याचं माझं उत्तर आता असं आहे: भिंती १९५८ च्या आहेत, पण ते पुन्हा बांधायचंच, हा वस्तीचा हट्ट फार जुना आहे. घरच्यांना पाठवलेल्या त्या फोटोखालची ओळ मी अजून बदललेली नाही. नुसतं साल खोडून भागणार नाही. त्या ओळीत तळं, पूल आणि ती रात्र यायला हवी, आणि तेवढं फोटोखाली मावत नाही. म्हणून आज तुमच्यासमोर बोललो.